तेल्याच्या कुळाचा माग

निवृत्त झाल्यापासून नव्या ओळखीची माणसं हमखास विचारतात, "तुम्ही नोकरीत नक्की काय करायचात?" मी सांगते, "जंतूंची कुळं शोधायचे." यावर बहुतेक जण कसंनुसं हसून विषय बदलतात. आमची पंचवटीतली भाजीवाली तेवढी मागे हटली नाही. मेथीची जुडी माझ्या पिशवीत कोंबत म्हणाली, "म्हंजे जंतूंची लग्नं जुळवायच्या का?" मी म्हटलं, "लग्नं नाही गं बाई, भांडणं सोडवायचे. माणसांची." तिला ते लगेच पटलं, आणि कोथिंबीर वर मिळाली.

संपादकांनी कारकिर्दीबद्दल लिहा म्हणून सांगितलं आहे. माझी बढती कधी झाली आणि निरोपसमारंभात कोण काय बोललं, हे वाचण्यात तुम्हाला रस नाही, आणि लिहिण्यात मला तर मुळीच नाही. त्यापेक्षा ज्या एका प्रकरणाने मला पन्नाशी उलटल्यावर प्रयोगशाळेत उड्या मारायला लावलं, ते सांगते.

आधी थोडं समजून घ्या. डाळिंबावर तेल्या नावाचा रोग येतो. पानावर, फांदीवर, फळावर तेलकट डाग पडतात, ते काळे होतात, फळ तडकतं आणि व्यापारी गाडीतून न उतरताच पुढे निघून जातो. हा रोग एका जीवाणूमुळे होतो. डागाचा तुकडा आणून द्या, आठवडाभरात जीवाणूचं नाव सांगते. त्यात काही मोठेपणा नाही. पण भांडण नावावरून नसतंच. 'हा माझ्या बागेत आला कुठून?' यावरून असतं. तिथे जंतूची नुसती जात कळून भागत नाही, घराणं कळावं लागतं.

सटाण्याकडच्या लताबाई आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत आल्या त्या या प्रश्नापायीच. मांडीवर रोपांचा क्रेट घेऊन एसटीने आल्या होत्या आणि क्रेट खाली ठेवायच्या आत त्यांचा आवाज चढला.

"मन्ह्या कलमस्मा रोग नही शे!" त्या अहिराणीत कडाडल्या. मग समोर शहरातली मॅडम आहे हे लक्षात येऊन मराठीत म्हणाल्या, "माझ्या कलमांत रोग नाय, मॅडम. पण कागदावर त्यांनी लिहून दिलंय, सारखा हे म्हणून."

लताबाईंची डाळिंबाच्या कलमांची नर्सरी. चांगल्या झाडाच्या फांदीची साल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की ती फांदी कापून पिशवीत लावायची, याला गुटी कलम म्हणतात. ज्या झाडांवरून कलमं घ्यायची त्यांची वेगळी बाग राखतात, ती मातृबाग. लताबाईंची मातृबाग म्हणजे त्यांचा जीव. गावातल्या कितीतरी बायांची चूल त्या बागेवर पेटायची.

निफाडकडच्या भाऊसाहेबांनी त्यांच्याकडून रोपं नेली होती. हे भाऊसाहेब मूळचे द्राक्षवाले, द्राक्षांना कंटाळून डाळिंबाकडे वळलेले. दुसऱ्याच बहाराला, म्हणजे फळांच्या हंगामाला, त्यांच्या बागेत तेल्या दिसला आणि त्यांनी थेट लताबाईंविरुद्ध तक्रार ठोकली. कृषी खात्याच्या समितीने बागेतलं पान आणि नर्सरीतलं पान एका प्रयोगशाळेकडे पाठवलं. ती कुठली ते सांगत नाही. निष्कर्ष आला, दोन्ही जीवाणू सारखे. पुढच्या महिन्यात सुनावणी होती आणि तीत नर्सरीचा परवाना रद्द होणार हे जवळपास ठरल्यातच जमा होतं. रोपांचं बुकिंगही नेमकं त्याच दिवसांत सुरू व्हायचं होतं.

मी विचारलं, "नर्सरीत डाग होते का?"

"होते. खोटं कशाला बोलू? एका गिऱ्हाइकानं दोन रोपं परत आणून कोपऱ्यात टाकली होती. समितीनं नेमकी तीच उचलली. आता तुमीच सांगा, त्यांच्या अन् भाऊसाहेबाच्या रोगाचं नातं हे का नाय?"

मला ही बाई तिथल्या तिथे आवडली. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक निकाल सांगून जातात आणि तसा कागद मागतात. या बाई प्रश्न विचारत होत्या.

मी तो निष्कर्ष वाचला आणि माझं डोकं फिरलं. 'सारखे' या शब्दावर माझा जुना राग आहे. सारखे म्हणजे कशाच्या मानाने सारखे? दोन माणसांना दोन-दोन डोळे आहेत, म्हणून ते भाऊ ठरतात का?

माझी सहकारी नसरीन शेख शेजारच्या टेबलावरून ऐकत होती. मालेगावची, माझ्याहून बरीच लहान आणि तोंडाने माझ्याइतकीच तिखट. नव्या पद्धतीचं नाव काढलं की तिचे डोळे चमकतात. ती म्हणाली, "मॅडम, सरळ अख्खा जीनोम, जंतूचा सगळा जनुकीय मजकूर, वाचून घेऊ. एकेक अक्षर. कटकटच मिटेल."

"आणि सुनावणीपर्यंत येईल का ते बाहेरून वाचून?"

"नाही येणार."

"आणि एकेक अक्षर वाचलं की सख्खे भाऊसुद्धा थोडे वेगळे निघतात. मग किती फरक म्हणजे परका, हे कोण ठरवणार? तू?"

"मीच ठरवीन," ती हसत म्हणाली. आमचा हा वाद वर्षानुवर्षं चाललेला. मी जुन्या पद्धतींना धरून बसते असा तिचा आरोप, आणि नवं यंत्र दिसलं की ती लहान पोरासारखी हट्ट धरते असा माझा. खरं तर आम्हा दोघींनाही एकच गोष्ट कळत होती. घराणं ओळखायच्या पद्धती म्हणजे मोजपट्ट्या आहेत. कोणाच्या खुणा मीटरवर, कोणाच्या मिलिमीटरवर. कुठे कुठली लावायची, यातच आमच्या धंद्याचं सगळं कसब आहे.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे कुठल्या औषधाला जीवाणू दाद देत नाही ते पाहायचं. माणसांच्या रोगांत ती कधी कधी कामाला येते. डाळिंबात मात्र अख्खा जिल्हा तीच ती औषधं फवारतो, त्यामुळे सगळे जंतू सारखेच निर्ढावलेले. ती बाद. दुसरी पट्ट्यांची. जीवाणूच्या जनुकीय धाग्याच्या काही तुकड्यांच्या नकला काढायच्या, त्या जेलीच्या चकतीतून विजेने पळवायच्या, की लहानमोठ्या तुकड्यांच्या पट्ट्यांची एक शिडी दिसते. दोन जंतूंच्या शिड्या जुळल्या की म्हणायचं नातेवाईक. त्या प्रयोगशाळेने हेच केलं होतं, आणि नीट केलं होतं. शिड्या खरोखर जुळत होत्या.

पण त्यांनी दोनच जंतू पळवले होते. फिर्यादीचा आणि आरोपीचा. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नाही असे परके जंतू शेजारी ठेवलेच नव्हते. ही चूक आमच्या धंद्यात शिकलेली माणसंच करतात. जुळलं की आनंद होतो, आणि आनंदात हात थांबतो.

आमच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षांचे तेल्याचे जंतू गोठवून ठेवलेले होते. कळवणचा, देवळ्याचा, मालेगावचा, पार सोलापूरकडचा आणि एक तर कर्नाटकातला. नसरीनने ते सगळे काढले आणि लताबाईंच्या नि भाऊसाहेबांच्या जंतूंशेजारी पळवले. जेली दिव्याखाली धरली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. सगळ्या शिड्या एकसारख्या! सोलापूर तेच, कर्नाटक तेच, निफाड तेच.

"मॅडम," नसरीन म्हणाली, "या हिशेबानं कर्नाटकातल्या माणसानंही भाऊसाहेबांना रोग दिला."

मी टाळ्या वाजवल्या. अक्षरशः. शेजारच्या खोलीतले लोक काय झालं म्हणून डोकावून गेले. हा तेल्याचा जीवाणू अलीकडेच पसरलेला, त्याची पिलावळ अजून एकमेकांपासून फार लांब गेलेलीच नाही. त्यामुळे पट्ट्यांची मोजपट्टी त्याच्यासाठी फारच जाड होती. 'सारखे' या निष्कर्षाला काही अर्थच उरला नव्हता. मी लताबाईंना फोन करून हे सांगितलं. मला वाटलं, त्या आनंदाने ओरडतील.

"म्हंजे माझ्याकडून गेला नाय, असं निघालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. गेला की नाही हेच कळत नाही, असं निघालं."

"मग ते काढा ना मॅडम. कळत नाय म्हणून सुटले तर लोक जन्मभर बोलतील."

त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही बारीक मोजपट्टी काढली. जीवाणूच्या धाग्यात काही ठिकाणी एकच छोटा तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या घराण्यात तो सहा वेळा, दुसऱ्यात नऊ वेळा. पिढ्या उलटतात तसे हे आकडे हळूहळू हलतात. अशा बऱ्याच जागा निवडून प्रत्येक ठिकाणची आवर्तनं मोजायची. सगळ्या जागांचे आकडे जुळले तर जवळचं नातं. एखादाच आकडा हलला असेल तर चुलत घर म्हणा. बरेच वेगळे असले तर परके.

आकडे संगणकावर उतरत होते तेव्हा नसरीन मोठ्याने वाचत होती आणि मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. सोलापूर वेगळा. मालेगाव वेगळा. कर्नाटक तर फारच वेगळा. आता मोजपट्टी काम करत होती! नर्सरीतल्या कोपऱ्यातल्या रोपांचा जंतू आणि भाऊसाहेबांचा जंतू यांचे निम्म्या जागांवरचे आकडे जुळेनात. परके. तेवढ्यात नसरीन म्हणाली, "थांबा. हा बघा."

भाऊसाहेबांच्या बागेतल्या जंतूचे सगळेच्या सगळे आकडे आमच्या फ्रीजरमधल्या कळवणच्या जंतूशी जुळत होते. तो नमुना तिथल्या एका शेतकऱ्याने आदल्या हंगामात स्वतःहून पाठवला होता. कळवण कुठे, निफाड कुठे! मधे अख्खा जिल्हा. एवढ्या लांबून वाऱ्यापावसाने हा यायचा नाही. त्याला कुणीतरी आणलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही भाऊसाहेबांच्या बागेत. भाऊसाहेब आम्हाला पाहून खूश नव्हते. "तुमी तिच्या बाजूच्या का माझ्या?" त्यांनी फाटकातच विचारलं.

"जंतूच्या बाजूच्या," नसरीन म्हणाली. त्यावर ते थोडे हसले आणि आत येऊ दिलं.

बागेत फिरताना एक गोष्ट मला खटकली. रोपांतून आलेला रोग बागेत विखरून दिसतो, इथे एक झाड, तिथे एक झाड. इथे तो फाटकाजवळच्या पहिल्या झाडावर सगळ्यात जास्त होता आणि तिथून पंख्यासारखा आत पसरला होता. मी म्हटलं, "भाऊसाहेब, या झाडात काय विशेष?"

"विशेष म्हंजे? मुहूर्ताचं झाड हे ते!" ते अभिमानाने म्हणाले. "बहार धरायचा म्हटल्यावर देवरे सरांना बोलावतो आम्ही. नारळ फोडला, सरांनी स्वतःच्या हातानं छाटणीचा पहिला कट मारला. त्यांचा हातगुण लय भारी, मॅडम. कळवण-देवळ्यापासून लोक नेतात त्यांना."

नसरीनने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

देवरे सर म्हणजे डाळिंबाचे सल्लागार. गावोगाव फिरून बागा बघणार, काय फवारायचं, किती छाटायचं ते सांगणार. मी त्यांना ओळखत होते. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर ब्लीचच्या पाण्यात बुडवा, नाहीतर तेल्या पसरतो, हे या जिल्ह्यात ज्या माणसाने घसा कोरडा करून शिकवलं, तेच हे सर. भाऊसाहेबांच्या मजुरांच्या सगळ्या कात्र्या बादलीतून बुडवून निघत होत्या, त्या त्यांच्याच सांगण्यावरून. मग त्यांची स्वतःची कात्री?

सर नाशिकलाच राहत. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि मी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मनात भीती होती की चिडतील. ते उठून आत गेले आणि देव्हाऱ्याजवळून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली कात्री घेऊन आले. मुठीवर हळदीकुंकवाचा थर.

"ही फक्त मुहूर्ताला वापरतो," ते म्हणाले. "एका बागेत एकच कट. मग पुसून ठेवतो. पूजेची म्हणून ब्लीचमध्ये कधी घातली नाही." मग म्हणाले, "निफाडच्या आधी कळवणच्या त्या बागेत मुहूर्त केला, तेव्हा शेजारच्या झाडाची डागाची फांदी मी हिनेच कापून दाखवली होती. दुसरी हाताशी नव्हती. न्या. तपासा."

कात्रीच्या दोन पात्यांमधल्या खिळ्यापाशी चिकट काळा मळ होता. त्यातून आम्ही जंतू वाढवायला घातले. थाळीत पिवळ्या चकचकीत वसाहती उगवल्या तेव्हा मी आणि नसरीन दोघींनी एकदमच झाकण उचलायला हात घातला. आवर्तनं मोजली. सगळे आकडे कळवणचे. सगळे आकडे भाऊसाहेबांचे. माग जुळला होता! नसरीनने नंतर हौसेने पूर्ण जीनोमही वाचून घेतला, आणि तोही तेच बोलला. ती आजही म्हणते की तिचीच पद्धत जिंकली.

सुनावणीला आम्ही गेलो तेव्हा देवरे सर आधीच येऊन बसले होते. मी मोजपट्ट्यांचं सगळं समजावून सांगितलं, परक्या जंतूंच्या शिड्या दाखवल्या, आकडे दाखवले. समितीतल्या एका साहेबांनी विचारलं, "मग कळवणहून निफाडला रोग नेला कोणी?" मी तोंड उघडायच्या आत सर उभे राहिले.

"माझ्या कात्रीने," ते म्हणाले. "लताबाईंचा यात संबंध नाही. त्यांना त्रास झाला त्याबद्दल मी सगळ्यांसमोर माफी मागतो. ज्या ज्या बागेत या हंगामात मुहूर्त केला, त्या त्या बागेत जाऊन मी स्वतः सांगणार आहे."

भाऊसाहेब खाली बघत होते. परवाना कायम राहिला. मला जिंकल्यासारखं वाटत होतं. मी लताबाईंकडे वळले, तर त्यांचा चेहरा पांढराफटक.

"सर," त्या म्हणाल्या, "माझ्या मातृबागेच्या छाटणीचा मुहूर्त पण तुमीच केला ना औंदा? निफाडच्या आधी का नंतर?"

"नंतर," सर म्हणाले. आवाज जेमतेम ऐकू आला.

आपल्या मातृबागेतल्या मुहूर्ताच्या झाडाची फांदी लताबाई दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आल्या. वरून झाड निरोगी. फांदीच्या तळाशी मात्र बारीकसे दोन ठिपके, बघणाऱ्याच्या लक्षातही येऊ नयेत असे. त्यातून जंतू वाढला. आकडे उतरले आणि कळवणच्या आकड्यांशी एकेक करून जुळत गेले. कबूल करते, शेवटचा आकडा जुळला तेव्हा क्षणभर मला आनंदच झाला, आमचा माग किती पक्का निघाला म्हणून. मग नसरीनने स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं आणि ते झाड कोणाचं आहे हे मला आठवलं. तो फोन करणं मला फार जड गेलं.

लताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, "घाबरू नका. ते झाड आणि त्याच्या आजूबाजूची रांग काढली तरी चालेल. बाकीची झाडं आम्ही तपासून देतो. आणि परवान्याचा कागद तुमच्याकडे आहेच."

"मॅडम, तुमी मोजता, मी विकते," त्या म्हणाल्या. "मोजणाऱ्याला एक रांग पुरत असंल. विकणाऱ्याला नाय पुरत."

त्यांनी अख्खी मातृबाग तोडली. बांधलेली गुटी जाळली. त्या वेळी त्या दोन ठिपक्यांविषयी फक्त त्यांना आणि आम्हा दोघींना ठाऊक होतं. हातात निर्दोष ठरल्याचा कागद होता, आणि बुकिंग करणाऱ्यांची रीघ लागली होती. त्यांनी त्या प्रत्येकाला स्वतः फोन करून सांगितलं, या वर्षी कलमं नाहीत, बागेत तेल्या निघाला.

काही दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. "मॅडम, बाईनं सगळी बाग तोडली म्हणत्यात. खरंय का?"

"खरंय."

"सगळी?"

"सगळी."

मग ते म्हणाले, "मला नवीन लागवड करायची हे. तिला सांगा, नवी बाग उभी राहिली की पहिलं बुकिंग माझं. मी फोन करतोय, पण माझा उचलत नाय ती."

मी लताबाईंना निरोप दिला. त्या म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, नव्या झाडांवरून कलम घ्यायला दोन-तीन वर्षं जातील. तवर थांबणार का?"

मी तसंच भाऊसाहेबांना विचारलं.

"थांबतो म्हणावं," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाची घेत नाय."